हक्कसोडीची घाई आणि आईचा विसरलेला हिस्सा

वाचकाचं पत्र, थोडक्यात (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत):

मी 55 वर्षांची, नाशिकला सिडकोत राहते. यजमान अंबडच्या कारखान्यातून निवृत्त झाले आहेत. माहेर निफाड तालुक्यात. पावणेदोन वर्षांपूर्वी वडील गेले. मागे आई, भाऊ, मी आणि धाकटी बहीण. वडिलांच्या नावावर चार एकर बागायत आहे, त्यातली अडीच एकर द्राक्षबाग, शिवाय गावठाणातलं जुनं घर. सातबाऱ्यावर अजून वडिलांचंच नाव आहे. आता गावात वारस नोंदींचं काम सुरू झालंय. भाऊ म्हणतो, तुम्ही दोघी बहिणी आणि आई हक्कसोड करून द्या, म्हणजे नोंद एकदम माझ्या नावाने होईल. चौघांची नावं लागली तर गावच्या शेती सोसायटीचं कर्ज अडेल. माझं लग्न 1991 चं. 1994 च्या आधी लग्न झालेल्या मुलींना हक्कच नाही, तेव्हा सही म्हणजे नुसती औपचारिकता, असंही तो सांगतो. माझ्या लग्नाला वडिलांनी कर्ज काढलं होतं, ते भावाने फेडलं. धाकटी सहीला तयार आहे. यजमान आणि मुलगा मात्र म्हणतात, हक्काचा एक एकर सोडायचा नाही. सही केली तर इथे घरात रोज वाद, नाही केली तर माहेर तुटेल. दिवाळीच्या आत निफाडला बोलावलंय. काय करू?

ताई, नमस्कार.

आधी एक गोष्ट सांगते, म्हणजे तुमचा जीव थोडा भांड्यात पडेल. वारस नोंद लावायला कुणाच्याही हक्कसोडीची गरज नसते. ही दोन वेगळी कामं आहेत. दिवाळीच्या आत दोन्ही एकदम उरकण्याची सक्ती कुठल्याही कायद्यात नाही.

वारस नोंद म्हणजे वडील गेले आणि त्यांच्या मागे कायद्याने कोण कोण वारस आहेत, हे गावच्या दप्तरी लागणं. मृत्यूचा दाखला, अर्ज आणि वारसांबद्दलचं प्रतिज्ञापत्र घेऊन तलाठ्याकडे जायचं. हल्ली त्यांचं पदनाम ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण लोक तलाठीच म्हणतात, मीही म्हणते. हा अर्ज ई-हक्क प्रणालीवर ऑनलाइनही करता येतो. चौकशी होते, फेरफार, म्हणजे नावबदलाची नोंद, धरला जातो, हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकतीसाठी पंधरा दिवसांची मुदत असते. हरकत आली नाही तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतात. 2025 मध्ये सरकारने ‘जिवंत सातबारा’ नावाची मोहीम काढली ती याच कामासाठी. मयत खातेदारांची नावं वर्षानुवर्षं सातबाऱ्यावर राहतात, ती काढून वारसांची नावं लावायची. तुमच्या गावातली लगबग बहुधा त्यातलीच आहे. तुमच्या बाबतीत या नोंदीत चार नावं लागायला हवीत: आई, भाऊ, तुम्ही आणि धाकटी.

हक्कसोडपत्र याच्या अगदी उलट काम करतं. तुमचा असलेला हक्क ते काढून घेतं. निफाडला दुय्यम निबंधकांसमोर बसून, फोटो काढून, अंगठे देऊन नोंदवायचा तो दस्त आहे. नोंदवलेला दस्त पुढे मन बदललं म्हणून मागे घेता येत नाही. फसवून किंवा दबावाने सही घेतली असं म्हणायचं असेल तर दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो. त्याची मुदत, खरी गोष्ट कळल्यापासून, तीन वर्षांची आहे, आणि फसवणूक सिद्ध करण्याचा भार तुमच्यावर येतो. तुम्ही शिकलेल्या आहात, सही तुमचीच आहे, फोटोत तुम्हीच आहात. मग मला कळलं नव्हतं हे न्यायाधीशांना पटवणं किती अवघड जातं, ते कोर्टात रोज दिसतं. त्यामुळे या सहीला ‘औपचारिकता’ म्हणणं मला मान्य नाही. तुमचा हक्कच नसता, तर तो सोडून घेण्यासाठी कुणी तुम्हाला निफाडपर्यंत बोलावलं नसतं.

आता 1994 चं. भाऊ मुद्दाम खोटं बोलतोय असं मला वाटत नाही. ही समजूत जिल्हाभर पसरलेली आहे आणि तिला एक खरं मूळ आहे. 1994 मध्ये महाराष्ट्राने आपल्यापुरती हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती केली आणि वडिलोपार्जित मिळकतीत मुलींना जन्मतः हिस्सा दिला. मात्र तेव्हा आधीच लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या होत्या. गावोगावी लोकांच्या डोक्यात तेवढंच राहिलं. पुढे 9 सप्टेंबर 2005 पासून केंद्राची दुरुस्ती लागू झाली आणि त्यात लग्न कधी झालं याला काही अर्थच उरला नाही. तरीही वडील त्या तारखेला हयात असायला हवेत का, यावर वाद चालू राहिला. तोही सर्वोच्च न्यायालयाने 11 ऑगस्ट 2020 रोजी विनीता शर्मा खटल्यात मिटवला: मुलगी जन्मानेच सहदायाद, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीची हिस्सेदार, आहे, वडील 2005 मध्ये असोत वा नसोत. तुमचे वडील तर पावणेदोन वर्षांपूर्वी गेले. तेव्हा तुमच्याबाबत हा प्रश्नच येत नाही.

शिवाय वडिलांच्या स्वतःच्या हिश्श्यात, किंवा त्यांनी स्वतः घेतलेल्या जमिनीत, मुलगी 1956 पासूनच पहिल्या वर्गाची वारस आहे. मुलगा, मुलगी, विधवा पत्नी यांना सारखा वाटा. त्यामुळे जमीन वडिलोपार्जित की स्वकष्टार्जित हा वाद तुमच्या घरात घालण्यात फारसं हशील नाही. वडिलोपार्जित धरली तर वडील, आई, भाऊ आणि तुम्ही दोघी असे पाच हिस्से पडतात, प्रत्येकी 1/5. वडिलांचा 1/5 पुन्हा तुम्हा चौघांत वाटला की प्रत्येकी 1/20 ची भर. बेरीज 1/4. स्वकष्टार्जित धरली तर सरळच चार वारस, प्रत्येकी 1/4. दोन्ही वाटांनी चार एकरांतला एक एकर, म्हणजे 40 गुंठे, आणि घराचाही चौथा हिस्सा. राहत्या घराची वाटणी मुलींना मागता येत नाही, ही जुनी तरतूदही 2005 मध्ये रद्द झाली.

हे गणित दोनच गोष्टी बदलू शकतात. एक, वडिलांनी मृत्युपत्र केलेलं असणं. त्यांच्या स्वतःच्या हिश्श्यापुरतं ते कुणालाही देऊ शकत होते. तुमच्या पत्रात मृत्युपत्राचा उल्लेख नाही, तरी भावाला आणि आईला एकदा स्पष्ट विचारा. दुसरी, 20 डिसेंबर 2004 च्या आधी नोंदणीकृत वाटणीपत्र किंवा कोर्टाचा हुकूमनामा होऊन रीतसर वाटप झालेलं असणं. ‘वडिलांनी तोंडी सगळं मला दिलं होतं’ असं कुणी म्हणालं तर ते पुरत नाही. तोंडी वाटपाचा आधार, त्याला सरकारी दप्तरातल्या भक्कम कागदाची जोड असल्याशिवाय, न्यायालय मान्य करत नाही.

लग्नाच्या कर्जाचं वाचून मात्र मी थांबले. तुम्ही त्या ओळीवर खूप वेळ घालवला असणार, असं तुमच्या लिहिण्यावरून वाटलं. कायद्याच्या बाजूने उत्तर छोटं आहे: लग्नात झालेला खर्च हा मिळकतीतला हिस्सा ठरत नाही. भावाचंही लग्न झालं, त्यालाही खर्च आलाच असेल, तो कुणी त्याच्या हिश्श्यातून वजा करत नाही. पण भावाने ते कर्ज फेडलं ही गोष्ट खरी आहे, आणि तिचं ओझं तुमच्या मनावर असेल तर त्याचा वेगळा हिशेब करता येतो. किती कर्ज होतं, भावाने किती फेडलं, हे मांडून तुम्ही तेवढी रक्कम आजही परत देऊ शकता, किंवा वाटणी करताना तेवढी बाजू त्याच्याकडे झुकवू शकता. एका जुन्या कर्जाच्या बदल्यात पिढ्यान्‌पिढ्यांची एक एकर बागायत, हा हिशेब सावकारानेसुद्धा केला नसता.

आता भावाची बाजू. ती तुमच्या पत्रात अर्ध्या ओळीत आली आहे, आणि मला ती पूर्ण मांडायची आहे, कारण तिथेच यातून सुटण्याची वाट आहे. द्राक्षबाग म्हणजे वर्षभराची डोकेदुखी. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधे डावणी या बुरशीरोगावरची फवारणी, घड भरल्यावर अवकाळीची धास्ती. हे सगळं वर्षाच्या पीककर्जावर चालतं, आणि सातबाऱ्यावर चार नावं असली की सोसायटी किंवा बँक बाकीच्या तिघांचं संमतीपत्र मागते. एक बहीण गावाला गेली, एकीचे यजमान रागावले, की छाटणीच्या तोंडावर पैसा अडतो. ही भीती खोटी नाही. दुसरी भीती तो बोलून दाखवत नसेल, पण नाशिकच्या आसपासच्या प्रत्येक शेतकरी भावाला ती असते: उद्या भाचा किंवा मेहुणा तो एक एकर एखाद्या प्लॉटवाल्याला विकेल आणि माझ्या बागेच्या मधोमध परक्याचं कुंपण येईल. सिंहस्थ 2027 च्या कामांमुळे शहराभोवती जमिनीचे भाव आणि भावाच्या अफवा दोन्ही वाढल्या आहेत. त्यात ही धास्ती वाढणं साहजिक आहे.

या दोन्ही भीतींवर हक्कसोडीखेरीज उपाय आहेत. कर्जासाठी तुम्ही त्याला तेवढ्यापुरतं, मर्यादित मुखत्यारपत्र देऊ शकता: अमुक गटावर, पीककर्जाच्या कामासाठी, अमुक रकमेपर्यंत. त्यात विक्री, गहाण, बक्षीस, हक्कसोड यांचा अधिकार दिलेला नाही असं स्पष्ट लिहायचं. ‘सर्व प्रकारचे व्यवहार करणेकामी’ अशी गुळमुळीत ओळ असेल तर सही करू नका. आणि दर हंगामात संमतीपत्राला स्वतः जाऊन बसायला तुमची तयारी असेल तर मुखत्यारपत्राचीही गरज नाही. सिडकोहून निफाड काही लांब नाही. भावाने बोलावलं की त्याच आठवड्यात येईन, हा शब्द द्या आणि पाळा.

परक्याच्या धास्तीवर कायद्यातच उत्तर आहे. हिंदू वारसा कायद्याच्या कलम 22 प्रमाणे वारसाने आलेल्या मिळकतीतला आपला हिस्सा पहिल्या वर्गातल्या एखाद्या वारसाला विकायचा असेल, तर तो आधी विकत घेण्याचा हक्क बाकीच्या सहवारसांना असतो. हे शेतजमिनीलाही लागू आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये सांगितलं. भावाला बहुधा हे माहीत नसेल. तुम्ही स्वतः त्याला ते सांगा. माझा हिस्सा मी कधी विकला तर आधी तुलाच विचारेन आणि कायदाही तसंच म्हणतो, हे बहिणीच्या तोंडून ऐकलं तर त्याच्या मनावरचा निम्मा ताण जाईल.

आता आई.

तुमच्या पत्रात आई दोनदा येते, एकदा वारसांच्या आणि एकदा सही करणाऱ्यांच्या यादीत. तिचं वय काय, तिच्या नावावर काय आहे, औषधाला पैसे कुणाकडे मागते, यातलं काही तुम्ही लिहिलेलं नाही. तुमच्यावर टीका करत नाही ताई. वाटपाच्या भांडणात आई अशीच हरवते. भाऊ आणि बहिणी एकमेकांकडे बघत असतात आणि जिच्या मंगळसूत्रावर त्या विहिरीचं पहिलं कर्ज निघालं असेल तिचा चौथा हिस्सा कुणी मोजतच नाही. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातला सगळ्यात घाईचा भाग हाच आहे. तुम्हाला सिडकोत घर आहे, यजमानांची पेन्शन असेल. आईकडे काय आहे? आज तिच्या हक्काचा एक एकर आहे. हक्कसोड केली त्या संध्याकाळी काहीच राहणार नाही. भाऊ चांगला आहे, सून चांगली आहे, हे सगळं मान्य. पण भावाला काही झालं तर? घरात उद्या वेगळं वारं वाहिलं तर? म्हाताऱ्या माणसाच्या नावावर जमीन असली की तिच्या शब्दाला घरात वजन राहतं, हे गावाकडच्या कुणालाही पुराव्यानिशी सांगायची गरज नाही.

म्हणून माझं स्पष्ट मत: तुम्ही काय वाटेल ते ठरवा, पण आईने हक्कसोड करू नये. तिचा हिस्सा तिच्या नावावरच राहू द्या. तिच्या पश्चात तो तुम्हा तिन्ही भावंडांत जाईल, किंवा तिला वाटलं तर ती मृत्युपत्र करून सगळा भावाला देईल. तो तिचा अधिकार. मृत्युपत्र ती हयातीत कधीही बदलू शकते, हक्कसोड नाही. आई हट्टाने ‘मला काय करायचंय जमीन, पोराच्या नावावर करून टाका’ म्हणाली, तर निदान त्या दस्तात अट लिहून घ्या की भावाने तिच्या राहण्याची, अन्नवस्त्राची आणि औषधपाण्याची सोय तहहयात करायची. ज्येष्ठ नागरिकांच्या 2007 च्या कायद्यातलं कलम 23 अशा वेळी कामी येतं. अट मोडली तर प्रांताधिकाऱ्यांकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करून तो दस्त रद्द मागता येतो. अट कागदावर असली की ही दाद मागणं सोपं जातं. नसली की आईला आधी अट होती हेच सिद्ध करत बसावं लागतं.

तुमच्या यजमानांबद्दल थोडं. वारसाने आलेला हिस्सा कलम 14 प्रमाणे सर्वस्वी तुमचा असतो. नवऱ्याचा किंवा मुलाचा त्यात आज कुठलाही कायदेशीर हक्क नाही. ते सल्ला देऊ शकतात, काळजीही करू शकतात, पण ‘सोडायचा नाही’ हा निर्णय त्यांचा नाही. जसा ‘सोड’ हा निर्णय भावाचा नाही. धाकट्या बहिणीलाही हेच लागू. तिला मनापासून द्यायचं असेल तर तिला देऊ द्या. फक्त तिला 1994 ची गोष्ट खरी वाटून ती सही करत असेल, तर खरं काय ते तिला सांगणं तुमचं काम आहे. मोठी बहीण म्हणून ते तुम्हीच करायला हवं.

सिडकोत राहणाऱ्यांच्या लक्षात न येणारी आणखी एक गोष्ट. महाराष्ट्रात शेतजमीन विकत घ्यायला आधीपासून शेतकरी असावं लागतं. कूळकायद्याच्या कलम 63 चं ते बंधन आहे. तुमच्या यजमानांची कुठे शेती नसेल, तर निफाडच्या त्या एका एकरामुळेच तुम्ही कागदोपत्री शेतकरी ठरता. तो सोडला की हा दर्जा जाईल आणि पुढे कुठे अर्धा एकर घेऊन झाडं लावायचं तुमच्या मनात आलं तरी अडचण येईल. निर्णय यावर ठरवू नका, पण हे माहीत असू द्या.

मग करायचं काय? माझ्या मते पहिली पायरी ठरलेली आहे: आधी चारही नावांची वारस नोंद. ती होताना एक बारीक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. बहिणींची नावं भोगवटादाराच्या, म्हणजे जमीनधारकाच्या, सदरात न लावता ‘इतर हक्क’ या रकान्यात टाकायची जुनी पद्धत आपल्याकडे होती, अजूनही कुठेकुठे तसं होतं. नाव सातबाऱ्यावर दिसतं, बाईंना वाटतं आपण मालक आहोत, पण कागद तसं म्हणत नाही. तुमचं आणि बहिणीचं नाव भोगवटादार सदरीच लागलं पाहिजे. सातबारा महाभूमीच्या संकेतस्थळावर घरबसल्या बघता येतो, डिजिटल सहीचा उतारा 15 रुपयांत मिळतो, आणि कुठले फेरफार चालू आहेत ते ‘आपली चावडी’वर दिसतं. गावाचं नाव आणि गट नंबर टाकायला मुलाला सांगा, आठवड्यातून एकदा बघत राहा. तुमची नावं वगळून फेरफार धरला गेल्याचं दिसलं तर मुदतीत लेखी हरकत द्या आणि पोच घ्या. हरकतीचं प्रकरण तक्रार नोंदवहीत जातं आणि दोन्ही बाजू ऐकून निर्णय होतो. तरी चुकीची नोंद मंजूर झालीच, तर साठ दिवसांत प्रांतांकडे अपील करता येतं. आणि एवढं होऊनही लक्षात ठेवा, फेरफाराने मालकी येत नाही की जात नाही. तो महसुली दप्तराचा भाग आहे. मालकीचा निकाल दिवाणी न्यायालयच देतं.

नोंद झाल्यावर घाई संपली. भाऊ एकटा कसतोय म्हणून तुमचा हक्क बुडत नाही. एका सहहिस्सेदाराचा ताबा हा सगळ्यांच्या वतीने धरला जातो. दोन वर्षं, पाच वर्षं तसंच चालू द्यायला हरकत नाही. या काळात बागेचं उत्पन्न मागायचं की नाही, हे तुम्ही ठरवा. बाग भावाच्या भांडवलावर आणि घामावर उभी असेल, तर आईच्या खर्चाला त्यातून ठरावीक रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात जमा व्हावी एवढं मागणं मला जास्त रास्त वाटतं.

पुढे कायमचा निकाल लावायचा असेल तर मला सगळ्यात आवडणारा मार्ग म्हणजे समजुतीने नोंदणीकृत वाटणीपत्र. चार एकरांत अडीच एकर बाग आहे, दीड एकर मोकळी. बाग भावाकडे आणि आईकडे ठेवून मोकळ्या दीड एकरात तुम्ही दोघी बहिणींनी प्रत्येकी 30 गुंठे घेतले, तर तुम्हाला प्रत्येकी दहा गुंठे कमी मिळतील, पण बागेला धक्का लागणार नाही. त्या दहा गुंठ्यांपोटी भावाने काही रक्कम द्यायची की लग्नाच्या कर्जाची फेड त्यात धरायची, ते बसून ठरवा. बागायतीला आपल्याकडे 10 गुंठ्यांचं प्रमाणभूत, म्हणजे किमान, क्षेत्र आहे, त्यामुळे 30 गुंठ्यांच्या तुकड्याला तुकडेबंदीची अडचण यायला नको. वाटणीआधी भूमी अभिलेख कार्यालयाकडून मोजणी करून घ्या. विहीर, बोअर, पाइपलाइन आणि वाट यांचा हक्क कागदात स्वतंत्रपणे लिहा. बांधावरून झालेल्या भांडणांपेक्षा पाण्याच्या पाळीवरून झालेली भांडणं जास्त वर्षं चालतात. सगळे एकमताने असाल तर जमीन महसूल संहितेच्या कलम 85 खाली तहसीलदारांकडेही वाटपाचा अर्ज करता येतो. मात्र कुणी मालकीचाच वाद काढला तर ते तुम्हाला दिवाणी न्यायालयात पाठवतील.

आणि हे सगळं समजून घेऊन तुम्हाला वाटलं की नाही, मला हा एकर नको, दादाने खूप केलंय, मला तो त्याला द्यायचाच आहे, तर द्या. खरोखर द्या. तुमच्यावर कायद्याचा धाक घालून तुमच्या मायेच्या आड येणं मला मुळीच आवडणार नाही. बहिणीने भावाला दिलेली जमीन ही फार मोठी गोष्ट आहे. ती गरजेपोटी नाही, भीतीपोटीही नाही, मनातून दिली गेली पाहिजे, एवढंच माझं म्हणणं. देताना मसुदा किमान आठवडाभर आधी हातात घ्या आणि भावाच्या नाही, स्वतःच्या वकिलाला दाखवा. कुठले गट नंबर, किती क्षेत्र, कोणाच्या लाभात, हे तपासा. ‘वडिलांच्या मागे राहिलेल्या सर्व मिळकती’ अशी ओळ असेल तर ती काढून जमीन आणि घर वेगवेगळं लिहायला सांगा. जमीन सोडली तरी घरातला हिस्सा ठेवता येतो. आई आहे तोवर त्या घरात हक्काने चार दिवस जाऊन राहता येण्याला मी किंमत देते. पैसे घेणार असाल तर रक्कम दस्तात लिहा आणि बँकेतूनच घ्या. साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी केलेल्या किंवा तलाठ्यापुढे दिलेल्या जबाबाने जमिनीतला हक्क सुटत नाही, तेव्हा असल्या कागदावर सही करून नवा घोळही घालू नका.

मधला एक मार्ग पुष्कळ बहिणींना मानवतो, तोही सांगते. नाव राहू द्यायचं, भावाला कसू द्यायचं आणि आपला हिस्सा भाच्याला मिळावा असं मृत्युपत्र करायचं. भावाच्या घरात जमीन राहते आणि तुमच्या हयातीत तुमच्या हातचा कागद राहतो. तुमच्या मुलाला हे आधी सांगा, नंतर कळून त्याने मामाशी वैर धरण्यापेक्षा ते बरं.

कोर्ट शेवटी. भावाने तुमचं नावच लावू दिलं नाही, किंवा जमीन परस्पर विकायला काढली, तर वाटपाचा दावा आणि मनाईहुकूम याशिवाय इलाज राहत नाही. त्यात वर्षं जातात आणि एकदा दावा पडला की दिवाळीचं बोलावणं बंद होतं, हेही खरं. म्हणून त्याआधी नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. 1987 च्या कायद्याने स्त्रियांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील आणि सल्ला मिळतो. 15100 हा त्यांचा टोल फ्री क्रमांक आहे. दावा दाखल करण्याआधीच दोन्ही बाजूंना बोलावून समेट घडवण्याची सोय तिथे आहे. लोकअदालतीत तडजोड झाली तर तिला हुकूमनाम्याची ताकद येते आणि तिच्यावर अपील नसतं. बाई म्हणून तिथे जाण्यात कमीपणा मानू नका, भावालाही ‘तुझ्यावर केस केली’ असं वाटू देऊ नका. त्याला सोबतच घेऊन जाता आलं तर उत्तम.

निफाडला जाल तेव्हा काय बोलायचं, हा तुमचा खरा प्रश्न असेल. एकट्या जा. यजमान नकोत, मुलगा नको. भावजयीलाही बसू द्या, कारण कर्जाचे हप्ते तिलाही तोंडपाठ असतात. सुरुवात नकाराने करू नका. म्हणा, ‘दादा, आधी वडिलांच्या जागी चौघांची नावं लावून घेऊ. कर्जाला माझी संमती आजच देते. विकायचं झालं तर आधी तुला विचारेन. बाकीचं वाटप आपण मोजणी करून, सगळ्यांसमोर, सावकाश ठरवू.’ यात तो रागावला तर रागावू द्या. पहिल्या दिवशीचा राग टिकत नाही. चुकीच्या कागदावरची सही मात्र टिकते. आणि हे सगळं बोलताना आई शेजारी बसलेली असू द्या, आणि तुमच्यापैकी कुणीतरी तिला विचारा, तुझ्या एका एकराचं काय करायचं तुझ्या मनात आहे? तिला आधी उत्तर सुचणार नाही. तिला वेळ द्या.

मसुदा हातात आला आणि त्यातली एखादी ओळ कळली नाही, तर ती जशीच्या तशी लिहून मला पाठवा. नावं आणि गट नंबर मात्र खोडून पाठवा.